पट्ट्याचा रुसवा

"जावईबापू, घाला आता हात ताटात. धोंडे निवायला लागले," सासूबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. समोर पुरणाचे धोंडे, तुपाची वाटी, कटाची आमटी, भजी, कुरडई असं सगळं मांडलेलं. पोटात कावळे कोकलत होते. पण मी रुसलो होतो, आणि रुसलेल्या माणसाला भज्यांचा वास येत नाही असं दाखवावं लागतं. ते फार अवघड काम आहे.

त्या साली भाद्रपद अधिक होता. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे नारायण. सासऱ्याने त्याचे पाय धुवायचे, त्याला जेवू घालायचं, वाण द्यायचं आणि त्याने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. एरवी हाच नारायण घरी दळण आणायला जातो, ते तेवढ्यापुरतं सगळे विसरतात. तीन वर्षांपूर्वीच्या धोंड्याला मी सोन्याची अंगठी मागितली होती आणि ती माझ्या बोटात होती. त्यामुळे यंदा जावई मोटारसायकल मागणार, अशी भावकीत चर्चा होती.

समोरच्या पाटावर सासरे बसले होते. रंगनाथ बोरगुडे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. गाव त्यांना डायवर नाना म्हणायचं, मी मामा म्हणायचो. सव्वीस वर्षं एकही अपघात नाही, त्याबद्दल मिळालेला बिल्ला ते घरच्या सदऱ्यालाही लावत. रात्री सदरा काढला की बिल्ला उशाशी, सकाळी परत छातीवर.

"बोला बापू," मामा म्हणाले. "पोटात ठेवू नका. काय पाहिजे?"

"मागितलं तर द्याल?"

"डायवरचा शब्द हाये."

दारात शेजारच्या मळ्यातले कचरू आहेर उभे होते. त्यांना जेवणाचं आमंत्रण नव्हतं, पण मोटारसायकल कोणत्या कंपनीची हे ऐकायचं होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी माझी बायको शैला पदराचं टोक चावत उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली.

"मामा, ट्रॅक्टरवर बसलात की सीटचा पट्टा लावायचा. दर वेळी. एवढंच मागणं."

आधी कचरू आहेर हसले, आणि मग सगळी ओसरी हसली. मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी बिल्ल्यावर बोट फिरवलं.

ट्रॅक्टर छोटा होता, द्राक्षबागेतल्या ओळींत शिरेल एवढा. निवृत्त झाल्यावर मामांनी तो हौसेने घेतला. मागे औषध फवारायचा ब्लोअर जोडायचा आणि बागेत जायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग. बाग नाल्यापलीकडे. तिकडे जायला एकच वाट, नाल्याच्या कडेने जाणारा मातीचा बांध, ट्रॅक्टरच्या चाकांपेक्षा वीतभर रुंद. खाली आठ-दहा फूट नाला. मागच्या पावसाळ्यात पलीकडच्या गावातला एकजण अशाच बांधावरून ट्रॅक्टरसकट गेला होता. तो सापडला तेव्हा ट्रॅक्टर त्याच्या अंगावर होता.

येताना बसमध्ये शैला मला म्हणाली होती, "या वेळी वस्तूबिस्तू मागू नका. पट्टा मागा. माझं ऐकत नाहीत, आईचं ऐकत नाहीत. तुम्हाला नाही म्हणता येणार नाही त्यांना. नाना त्या बांधावरून जातात ना, तर मला तिकडे संगमनेरला झोप लागत नाही."

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकवायचो. पट्ट्याचं महत्त्व मला बायकोकडून ऐकायची गरज नव्हती. ऐकावं लागलं, हा भाग वेगळा.

"बापू," मामा शेवटी म्हणाले, "माझ्या गाडीत पन्नास माणसं बसायची. एकाला पट्टा नव्हता. सव्वीस वर्षांत एकाचं टाळकं भिंतीवर आपटलं नाही. अन् त्या खेळण्यावर मी पट्टा लावू?"

"मग मी जेवत नाही."

"असं नका करू बापू, लोक काय म्हणतील?" सासूबाई पदर सावरत म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मामांकडे बघत होत्या. "नारायण उपाशी उठला तर घराला बरं नाय."

मामांनी माझ्या ताटाकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, दारातल्या कचरूकडे पाहिलं. "दिला शब्द," ते म्हणाले. "ट्रॅक्टरवर बसलो की पट्टा. आता खा."

मी नऊ धोंडे खाल्ले. रुसव्याने भूक वाढते.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. फवारणी बंद, बांधावर जायचा प्रश्न नाही. मी शेडमध्ये जाऊन ट्रॅक्टरचा पट्टा पाहिला आणि कपाळाला हात लावला. चार वर्षांत त्या पट्ट्याने माणूस सोडून बाकी सगळं बांधलं होतं. औषधाचे डबे, चाऱ्याचा भारा, एकदा तर शेळी. बक्कल फवारणीच्या मोरचुदाने निळं पडलं होतं आणि आत गंधकाची भुकटी घट्ट बसली होती. मी कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन दोन तास घासलं. बक्कल लागलं. मग मी दोन्ही हातांनी पट्ट्याला जोरात हिसका दिला, आणि ते सुटलं.

"लागतंय पण धरत नाही," मी म्हणालो. "हे नसल्यापेक्षा वाईट. माणूस भरवशावर राहतो."

"भरवसा मी पट्ट्यावर कधी ठेवला व्हता?" मामा म्हणाले.

भर पावसात मी पिंपळगावला जाऊन नवीन पट्टा आणि बक्कल आणलं. दुकानदार माळ्यावर चढून धूळ झटकत खाली आला. "हे कोणी मागत नाही हो," तो म्हणाला, "लोक काढून द्या म्हणतात, बसायला टोचतं म्हणून." मी ते बसवलं, दहा वेळा लावलं, दहा वेळा हिसका दिला, दहा वेळा सोडलं. मग मामांना बसवलं. खट् आवाज आला.

"डबल बेल," मामा म्हणाले.

आणि मग त्यांनी माझी खोड मोडायचं ठरवलं. शब्द होता ट्रॅक्टरवर बसलं की पट्टा. ट्रॅक्टर चालू असताना, हे मी म्हटलं नव्हतं. मामा सकाळी शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरवर जाऊन बसले, पट्टा लावला आणि हाक मारली, "चहा इकडेच आणा. मी बांधलेला माणूस हाये." चहा झाला. पेपर आला. तंबाखूची चंची राहिली होती, ती शैलाने नेऊन दिली. दाढीचं सामान मी नेऊन दिलं, कारण दोष माझा होता. कचरू आहेर डोक्यावर गोणपाट घेऊन आले आणि शेडच्या दारात उभे राहिले.

"नाना, विमान कधी सुटायचं?"

"येळेवर," मामा गालाला साबण लावत म्हणाले. "उशिरा येणारे प्रवासी राहून जातील."

दोन दिवस हा तमाशा चालला. गावातून माणसं काही ना काही निमित्त काढून येऊन बघून गेली. मी तोंड लपवून परसात बसायचो. परसात सासूबाईंचा दोडका होता. गोठ्याच्या भिंतीला एक लोखंडी कमान टेकवून उभी केली होती आणि तिच्यावर वेल चढवला होता. आधीची वर्षं किडीने गेला, यंदा मात्र लगडला होता. सासूबाई रोज सकाळी, मामा घराबाहेर पडले की, वेलापाशी जाऊन उभ्या राहत. पाणी घालायचं झालं तरी तिथेच. बराच वेळ.

"वेलाशी बोलते ती," मामा मला म्हणाले होते. "माझ्याशी बोलायला येळ नाय. ती कमान मी भंगारवाल्याला देणार व्हतो, तर हिनं तिच्यावर दोडका चढवला. आता कमान तिची झाली."

बुधवारी पाऊस उघडला. मामा न्याहारी करून ट्रॅक्टर काढून गेले, जाताना मला दाखवून पट्टा लावला, वर सलामही केला. मी वाणाचा नवा पांढरा लेंगा घालून ओसरीवर बसलो होतो. माणसाचं आयुष्यात एकतरी काम तडीस गेलं की कसं वाटतं, तसं मला वाटत होतं.

"बापू, एक विचारू? रागावू नका," सासूबाई परसातून म्हणाल्या.

"विचारा की मामी."

"पट्टा कशाला असतो?"

मी खुशीत आलो. शिकवायची सवय. "ट्रॅक्टर कलंडला ना मामी, तर माणूस फेकला जाऊ नये म्हणून."

"फेकला नाय गेला तर कुठं राहील?"

"सीटवर."

"आन् टॅक्टर पालथा झाला, तर सीट कुठं राहील?"

मी उठून परसात गेलो. सासूबाई दोडक्याच्या वेलाखालच्या लोखंडावर हात ठेवून उभ्या होत्या.

"गोठ्याला आग लागली तर सुटं ढोर पळतं," त्या म्हणाल्या. "दावणीचं जळतं. ही कमान कशाला व्हती मंग टॅक्टरला?"

ती कमान ट्रॅक्टरची होती. सीटच्या मागे उभी असते ती. ट्रॅक्टर उलटला तर आधी ती जमिनीला लागते आणि खाली माणसाला जागा राहते. त्या जागेत माणूस राहावा म्हणून पट्टा. कमान असेल तर पट्टा पाहिजेच, आणि कमान नसेल तर पट्टा लावायचाच नाही, कारण मग तो माणसाला ट्रॅक्टरखाली बांधून ठेवतो. हे मी दर वर्षी नव्या बॅचला फळ्यावर चित्र काढून शिकवायचो. दोन दिवस त्या कमानीसमोर बसून मी दोडके मोजत होतो.

"तुम्ही निम्मंच मागितलं, बापू," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुमचं तुम्हाला आठवल. तीन दिस पाऊस व्हता, म्हणून थांबले. आता ते बांधावर गेले."

मी पळालो. चप्पल घालायचंही भान राहिलं नाही. काळ्या चिखलात पाय रुतत होते आणि नवा लेंगा गुडघ्यापर्यंत काळा झाला होता. मामा बांधाच्या तोंडाशी पोचले होते. मी दोन्ही हात हलवत ओरडलो, "मामा, पट्टा काढा!"

त्यांनी ट्रॅक्टर थांबवला आणि कानामागे हात धरला. "काय म्हणता?"

"पट्टा काढा. आत्ताच्या आत्ता काढा."

शेजारच्या रानात कचरू आहेर टोमॅटोला काठ्या लावत होते. त्यांनी काठी खाली ठेवली. "परवा हाच माणूस पट्ट्यासाठी उपाशी बसला व्हता ना?" त्यांनी कोणालाच उद्देशून न बोलता विचारलं.

मी धापा टाकत मामांना कमानीचं सांगितलं. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पट्ट्याला हात लावला नाही.

"हे बघा बापू. सव्वीस वर्षांत एक शिकलो. अर्ध्या रस्त्यात मार्ग बदलायचा नाय. बांधायचा शब्द तुम्ही घेतला, मी दिला. आता सोडायचं असल तर डेपोतून लेखी आणा."

"मामा, मस्करी नाही. कमान नाही तर पट्टा धोक्याचा आहे. पट्टा सोडा, नाहीतर कमान बसवा."

"कमान दोडक्याची हाये. त्या वेलाला हात लावला तर मला जेवायला कोण वाढल? तुम्ही?" त्यांनी गिअरला हात घातला. "अन् धोंड्याला एकदाच मागायचं असतं. दुसऱ्यांदा मागणाऱ्या जावयाला नारायण म्हणत नाहीत. दहावा ग्रह म्हणतात."

मला राग आला, रडूही आलं, आणि दोन्ही दाखवायची सोय नव्हती. मी ट्रॅक्टरसमोर जाऊन बांधावर बसलो. चिखलात, मांडी घालून. रुसव्याशिवाय माझ्याकडे दुसरं हत्यार नव्हतं.

मामांनी हॉर्न वाजवला. मी हललो नाही. त्यांनी आणखी एकदा वाजवला. तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. एका हातात विळा, आणि पदराच्या ओच्यात कोवळे, बोटभर, हातभर, सगळ्या मापाचे दोडके. फुलंसुद्धा.

"वेल काढला," त्या म्हणाल्या. "चला घरी. कमान बसवायची हाये."

मामा त्या ओच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी इंजिन बंद केलं, स्वतःच्या हाताने पट्टा सोडला आणि खाली उतरले. गड्याला न सांगता त्यांनी स्वतः गोठ्याच्या भिंतीपासून कमान उचलली, एक बाजू मी धरली.

बोल्ट नवे आणले, तरी भोकं गंजली होती. डिझेल टाकून, हातोडीने ठोकून दुपारपर्यंत कमान बसली. आता बागेचं कसं, हा प्रश्न होता. मांडवाच्या तारा खाली, कमान उभी असली की तारांना अडकते, म्हणून तर मामांनी ती पहिल्याच महिन्यात काढून टाकली होती. पण कमानीला मधे बिजागरी होती. पिन काढली की वरचा भाग मागे पडायचा.

"बागेत कमान खाली अन् पट्टा सुटा," मी सांगितलं. "बांधावर कमान उभी अन् पट्टा बंद. यात अदलाबदल नाही."

"दिवसातून वीस वेळा खाली-वर करू?"

"वीस वेळा."

मामांनी जरा विचार केला. "स्टॉपवर गाडी थांबवतो तसं," ते म्हणाले. "बागेचं तोंड हा स्टॉप. बांधाचं तोंड हा स्टॉप. बरं." ही गोष्ट त्यांना पटली असावी, कारण संध्याकाळी त्यांनी दोन्ही ठिकाणी चुन्याने रंगवलेला एकेक दगड ठेवला.

त्या दिवशी दुपारी दोडक्याची भाजी, रात्री दोडक्याच्या शिरांची चटणी आणि दोडक्याचीच भजी होती. कोणी तक्रार केली नाही.

गुरुवारी आमची अकराची बस होती. मामा सकाळीच फवारणीला गेले होते. निरोप घ्यावा म्हणून मी बांधाकडे निघालो. ते परत येत होते. चुन्याच्या दगडापाशी थांबले, उतरले, कमान उभी केली, पिन घातली, बसले, पट्टा लावला. मला पाहून त्यांनी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "डबल बेल!"

बांधाच्या मधोमध आले असतील. तीन दिवसांच्या पावसाने कड आतून पोखरली होती, वरून काही कळत नव्हतं. उजवं मागचं चाक खाली गेलं. ट्रॅक्टर घाईत उलटला नाही, सावकाश कलंडला, आणि ते बघणं जास्त वाईट होतं. मामांचा हात स्टिअरिंगवर तसाच होता. मग ब्लोअरची टाकी फुटली, निळं पाणी उडालं आणि ट्रॅक्टर नाल्याच्या उतारावर आडवा झाला. तिथून पुढे पालथा व्हायला एक पलटी उरली होती. कमानीचा कोपरा मातीत घुसला आणि ट्रॅक्टर तिथेच थांबला.

मी खाली घसरत गेलो. इंजिन बंद होतं. मामांनी पडता पडता चावी फिरवली होती. ते सीटवरच होते, आडवे, पट्ट्यात लटकलेले, एक पाय हवेत. चप्पल कुठेतरी गेली होती. ट्रॅक्टरने जिथे त्यांना दाबून टाकलं असतं, तिथे कमानीमुळे एक हातभर जागा राहिली होती. त्या जागेत माझे सासरे शाबूत होते.

"मामा?"

"हाये," मामा म्हणाले. मग जरा वेळाने, "उतरायचं कसं, हे नाय शिकवलं तुम्ही."

मी त्यांच्या अंगाखाली खांदा घातला. सगळा भार माझ्यावर आला. दुसऱ्या हाताने मी बक्कल चाचपलं. अंगाचा भार पडलेलं बक्कल पुष्कळदा अडकतं. मी बटण दाबलं. पहिल्या दाबाला ते सुटलं, आणि मामा माझ्या अंगावर आले. आम्ही दोघे निळ्या चिखलात बसलो. मामांचे हात बिल्ला चाचपण्याच्या कामी लागले होते. बिल्ला जागेवर होता.

"बापू," ते हळूच म्हणाले. "तुम्ही आयटीआयचे. तुम्हाला नियम माहीत. हा अपघात धरायचा का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच विचारत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्या चेहऱ्यावर एवढी एकच चिंता होती.

"कोणाला लागलं का?"

"नाय."

"मग नाही, मामा. टायर पंक्चर धरतात का? तसंच."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि मग त्यांना रडू आलं. मी दुसरीकडे बघितलं.

कचरू आहेर पळत आले होते. त्यांनी एकदा ट्रॅक्टरकडे पाहिलं, एकदा कमानीकडे. विमानाचं काही बोलले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या ट्रॅक्टरची कमान भंगारवाल्याच्या मागे फिरून परत आणली, हे शैलाला नंतर फोनवर कळलं.

विहिरीच्या पाइपखाली मी मामांचे पाय धुतले. पाच दिवसांपूर्वी त्यांनी माझे धुतले होते, तांब्याच्या परातीत, हळदकुंकू लावून. ते पाय मागे घेत होते. "उलटं झालं हे," म्हणत होते. "महिना अजून संपला नाय. नारायण तुम्ही हाये." मी ऐकलं नाही. टाचेच्या भेगांतला चिखल निघेपर्यंत चोळत राहिलो.

अकराची बस चुकली. पुढची दोनची होती. निघताना सासूबाई परसात उरलेले दोडके आमच्या पिशवीत भरत होत्या. मी तिथे गेलो. कमान नव्हती, भिंतीवर तिची गंजाची रेघ तेवढी उरली होती.

"मामी, कमान आणि पट्टा जोडीने लागतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"टॅक्टर आणला तवा दुकानचा माणूस आला व्हता. त्यानं सांगितलं, दोन्ही संगं वापरा. मी दारात उभी व्हते. मी ऐकत व्हते, हे पेढे वाटत व्हते."

"मग तुम्ही मामांना सांगायचं ना."

"सांगितलं की. रोज सांगितलं. बायकोचं सांगणं टॅक्टरच्या आवाजासारखं असतं बापू, चालू असलं तरी कळत नाय." त्यांनी पिशवीची गाठ मारली. "कमान भंगारात जाईल म्हणून वेल चढवला. मंग पोरीला म्हणले, धोंडा येऊ दे. त्या महिन्यात ह्यांना नाही म्हणता येत नाय असा एकच माणूस हाये."

तेव्हा मला कळलं, की माझा रुसवा माझा नव्हता. बायकोचाही नव्हता. पण त्यांचं संपलं नव्हतं.

"मागल्या धोंड्यालाच मागायचं व्हतं. पोर तुम्हाला सांगणार, त्याच्या आत तुम्ही अंगठी मागून बसले." त्या रागाने म्हणत नव्हत्या. हसतच म्हणत होत्या. "मंग थांबले. तीन वर्षं."

"आणि रोज वेलापाशी उभ्या राहायचात, ते?"

"हिथून बांध दिसत नाय. पण आवाज येतो. बांधावर आवाज वेगळा, बांध वलांडला का बदलतो. तो बदलंस्तवर उभी राहायचे. हे म्हणतात, वेलाशी बोलते." त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "घ्या. लवकर करून खा, कोवळे हायेत."

दोनच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी बोटातली अंगठी काढून पाहिली. म्हणजे काढायचा प्रयत्न केला. ती निघेना, तीन वर्षांत बोट जाड झालं होतं. शैला माझ्याकडे बघत होती.

"राहू द्या आता," ती म्हणाली. "पुढच्या धोंड्याला काय मागायचं, ते मी आईला आत्ताच विचारून ठेवलंय."

मामा त्यानंतर अकरा वर्षं ट्रॅक्टर चालवत होते. बिल्ला शेवटपर्यंत छातीवर होता. त्या दोन दगडांपाशी ते दर वेळी थांबायचे, आणि सासूबाई परसात. आवाज बदलला की आत जायच्या आणि चहाचं आधण ठेवायच्या.